सोलापुरी चादरीची पिशवी: पहिला नमुना कसा करावा

छोट्या डिझाइन स्टुडिओत नमुना फसतो तो बहुधा कापड न धुता कापल्यामुळे. सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मागावरून आणलेल्या सुती जकार्ड (विणतानाच नक्षी उमटवलेल्या) चादरीवर ५० × ५० सेंमीचा चौकोन आखा, धुऊन वाळवा, पुन्हा मोजा. ४७ सेंमी भरला, तर आटणं ६ टक्के. उभं-आडवं वेगवेगळं आटतं, म्हणून दोन्ही बाजू मोजा. पांढरं ओलं फडकं घासून रंग सुटतो का तेही पाहा; लाल-काळ्यात हमखास पाहा.

मग पूर्ण चादर धुऊनच कापा. कार्डशीटचा साचा मोराच्या किंवा फुलाच्या मधोमध ठेवा. इथे कापड वाया जातं, जाऊ द्या. अर्धा कापलेला मोर पिशवीची शोभाच घालवतो. शिवण-माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचं कापड, दीड सेंमी. कापल्याबरोबर कडा ओव्हरलॉक करा (धागे सुटू नयेत म्हणून कडेवर टाके घाला), नाहीतर धागे सुटून माया निम्मी होते.

सुई १६ नंबरची, टाका ३ ते साडेतीन मिमी. कोपऱ्यात चार थर आले की टाके सुटतात: आतली माया तिरकी छाटा आणि तिथे मशीनचं चाक हाताने फिरवा. पिशवीचे बंद (धरायचे पट्टे) चौकोन-फुली टाक्याने, म्हणजे चौकोन शिवून त्यात फुली मारून, पक्के करा. शेवटी ५ किलो तांदूळ भरून पिशवी रात्रभर टांगा आणि बंद, शिवण टिकते का पाहा.