टेक्सासमध्ये शिकारीसाठी जमीनमालकाची परवानगी कशी मागावी
टेक्सासमधली ९० टक्क्यांहून जास्त जमीन खासगी आहे. मालकाच्या संमतीशिवाय तिथे शिकार करणं गुन्हा आहे. हरणांचा बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला लागतो. परवानगी मागायला मात्र उन्हाळ्यातच जा. दिवसाउजेडी, साध्या कपड्यांत, बंदूक घरी ठेवून. आपण कोण, कोणत्या तारखांना येणार, सोबत कोण, गाडी कुठे लावणार, हे आपणहून सांगा.

पहिल्याच भेटीत हरणाचा विषय काढू नका. बरेच मालक हरणांच्या शिकारीसाठी रान भाड्याने देतात, ती त्यांची कमाई असते. रानडुकरं मात्र पिकं आणि कुरणं उकरून टाकतात. "डुकरांचा त्रास आहे का?" असं विचारलंत, तर मालक स्वतःच बोलायला लागतो, आणि त्याची गरज खरीच असते. २०१९पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने रानडुकरं मारायला शिकारीचा परवाना लागत नाही.

तुम्ही एच-१बी व्हिसावर असाल, तर परवाना तरीही काढाच. अमेरिकेचा केंद्रीय कायदा अशा व्हिसाधारकांना बंदूक बाळगू देत नाही. वैध शिकार परवाना हा त्यातल्या मोजक्या अपवादांपैकी एक. याकडे आपल्या लोकांचं हमखास दुर्लक्ष होतं.

होकार मिळाला की तो लेखी घ्या आणि हद्द प्रत्यक्ष पाहून ठेवा. झाडांवर किंवा खांबांवर जांभळे उभे पट्टे दिसले, तर तिथे प्रवेशबंदी आहे. फाटक उघडं असेल तर उघडंच ठेवा, बंद असेल तर बंद करूनच पुढे जा.