लंडन उघडतं, फोंडा उघडत नाही

नोकरीला लागून तीन महिने झाले होते. पणजीत पाटोला एका छोट्या आयएसपीचं ऑफिस, जुलैचा पाऊस, आणि फोनवर म्हापशाचा ग्राहक: "अहो, लंडनची साइट उघडते, फक्त फोंड्याच्या आमच्या पार्टीचा सर्व्हर उघडत नाही!" पावसाळ्यात आमच्याकडे पहिला संशय फायबरवर. मी टीम पाठवायलाच निघालो होतो, पण दोन्ही लिंक अप होत्या.

नेटवर्किंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितोय, कारण जे बिघडलंच नव्हतं ते मी दुरुस्त करायला बसलो होतो.

म्हापसा आणि फोंडा, दोन वेगळ्या कंपन्या. दोघांकडे स्वतःचा /२४ ब्लॉक (२५६ आयपी पत्त्यांचा गट), पण लिंक फक्त आमची. अशांना आम्ही एकच खाजगी एएस नंबर (इंटरनेटवर एखाद्या नेटवर्कची ओळख सांगणारा नंबर) देत होतो, ६५०१०. (६४५१२ ते ६५५३४ खाजगी वापरासाठी राखीव आहेत.) बाहेर रूट, म्हणजे कोणते पत्ते कोणत्या वाटेने गाठायचे ही माहिती, पाठवताना तो नंबर आम्ही काढून टाकायचो, त्यामुळे जगाला काहीच अडचण नव्हती.

म्हापशाच्या राउटरवर फोंड्याचा रूट शोधला. उत्तर: 'नेटवर्क नॉट इन टेबल'. अख्ख्या इंटरनेटचे नऊ लाखांवर रूट असलेल्या टेबलात तासाभरावरचा फोंडा नाही! आमचा राउटर तर तो पाठवत होता. मी लाइव्ह राउटरवर डिबग (राउटर काय करतोय ते ओळीओळीने दाखवणारी सोय) चालू करणार, एवढ्यात मागून आमचे सीनियर, भाऊ, ओरडले, "अरे, पूर्ण टेबल आहे त्यावर! लटकेल ना तो! आधी कागदावर पाथ लिही."

लिहिला: आमचा नंबर, मग ६५०१०. आणि तो घेणारा म्हापशाचा राउटर कोण? तोही ६५०१०.

नेटवर्क एकमेकांना रूट सांगतात ते बीजीपी या प्रोटोकॉलने. बीजीपीचा रूट वाटेतल्या प्रत्येक एएसचा नंबर अंगावर घेत येतो. राउटरला त्यात स्वतःचाच नंबर दिसला की तो समजतो, हा माझाच रूट फिरून परत आला, आणि मुकाट्याने टाकून देतो. लूप, म्हणजे पॅकेट गोल गोल फिरत राहणं, टाळायची ही सोय आहे. ६५०१० मागे दोन वेगळ्या कंपन्या आहेत हे त्याला कुठून कळणार?

मग मी मोठ्या उत्साहात म्हणालो, "भाऊ, म्हापशाला अलाउएएस-इन टाकतो." त्याने राउटर स्वतःचा नंबर असलेले रूटही घेतो. भाऊंनी विचारलं, "उद्या खरोखरच लूप झाला तर थांबवणार कोण?" दुसरा उपाय एएस-ओव्हरराइड: ग्राहकाच्या नंबरऐवजी प्रोव्हायडर स्वतःचा नंबर घालतो. एकाच बँकेच्या शाखा एमपीएलएस व्हीपीएनवर (प्रोव्हायडरच्या नेटवर्कमधल्या खाजगी जाळ्यावर) जोडताना तो हमखास वापरतात. मात्र एका शाखेला दोन लिंक असतील तर तिचेच रूट दुसऱ्या लिंकने आत येतात. तिथे साइट-ऑफ-ओरिजिन, म्हणजे रूट मूळ कुठल्या शाखेचा ते सांगणारी खूण, लावावं लागतं.

म्हापशाला यातलं काहीच लागलं नाही. एकच लिंक असलेल्या माणसाला पूर्ण टेबल कशाला हवं? निव्वळ हौस. आम्ही नऊ लाख रूट बंद करून एक डिफॉल्ट रूट ('बाकी सगळं आमच्याकडे पाठवा') पाठवला. आता फोंड्याला जाणारं पॅकेटही आमच्याकडे येतं, आणि आम्हाला फोंडा कुठे आहे ते माहीत असतंच. फोंड्याच्या राउटरला म्हापशाची वाट का सापडत होती? त्याच्याकडे पहिल्यापासून डिफॉल्टच होता. पुढे समजलं की १९९८ च्या आरएफसी २२७० (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक) मध्ये एकाच एएसमधल्या ग्राहकांसाठी डिफॉल्टचा हाच उपाय दिला आहे. आधी वाचलं असतं तर भाऊंचा आवाज ऐकावा लागला नसता.

घरी जीएनएस३ वर (संगणकावर राउटर चालवून बघायचं सॉफ्टवेअर) तीन राउटर मांडा. मधला ६५०००, दोन्ही बाजूंचे ६५०१०, प्रत्येकाला एक लूपबॅक (राउटरमधलाच आभासी इंटरफेस), आणि त्याचा पत्ता बीजीपीत जाहीर करा. डिबग इथे खुशाल चालवा: 'पाथमध्ये आपलाच एएस आहे' म्हणून रूट नाकारल्याची ओळ येईल. मग मधल्यावर ओव्हरराइड टाका आणि पाथ बघा: ६५००० ६५०००, दोनदा. दुसरा ६५००० कुणाच्या जागी आलाय, हे मुलाखतीत मी हटकून विचारतो.