आधी माणसं मोजा, मग तारीख ठरवा

मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत टर्नर आहे. १९ वर्षं सिगरेट ओढली. चौथ्या प्रयत्नात सुटली, त्याला आता पाच वर्षं होतील. आधीचे तीन प्रयत्न फसले तेव्हा सगळे म्हणायचे, इच्छाशक्ती कमी आहे. मलाही तेच खरं वाटायचं. पण तिन्ही वेळा मी हरलो ते एकाच जागी: गेटसमोरच्या पानठेल्यावर, दुपारी चारच्या चहाला. घरी, बसमध्ये, लेथवर मी टिकून होतो. त्या ठेल्यावर पाय ठेवला की 'आपल्यानं होईल' हा भरवसाच निघून जायचा.

म्हणून सोडायची तारीख ठरवण्याआधी आठ दिवस खिशात एक कागद ठेवा. सिगरेट पेटवली की सोबत कोण होतं ते लिहा, आणि त्या घडीला 'मी सोडू शकतो' असं दहापैकी किती वाटतं तेही लिहा. घरच्या अंगणात मी सहा लिहायचो, ठेल्यावर दोन. माणूस तोच, दिवसही तोच. दिवसाच्या अकरा सिगरेटींपैकी सात त्याच तीन मित्रांसोबत होत्या, हे कागदावर पाहीपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मग पहिलं बोलणं ठेलेवाल्याशी करा. हे कोणी सांगत नाही, पण मला याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. मी गेटातून बाहेर पडताना दिसलो की आमचा ठेलेवाला पाकिटातून एक सिगरेट अर्धी वर काढून ठेवायचा. मी तोंड उघडण्याआधीच. काउंटरच्या कोपऱ्याला सुतळीनं लायटर बांधलेला असायचा आणि माझा हात आपोआप तिकडं जायचा. एका सकाळी गिऱ्हाईक नसताना गेलो आणि म्हणालो, "भाऊ, सोमवारपासून सोडून राहिलो. मागितली तरी देऊ नका." तो म्हणाला, "आता मागसाल तरी नाही देत, दादा." नवव्या दिवशी मी खरंच मागितली. त्यानं बडीशेपेची बरणी पुढं सरकवली. त्या दिवशी मी परत आलो तो त्याच्यामुळं.

मित्रांना घोळक्यात सांगू नका. घोळक्यात एक जण म्हणतो, "तुह्याच्यानं होत नाही बे," बाकीचे हसतात आणि आपलंही मन तिकडंच झुकतं. असं म्हणणारा माझा मित्र दुसऱ्या दिवशी गाडीवर एकटा असताना म्हणाला, "मलेही सोडाची आहे." एकेकाला गाठा. 'साथ दे' एवढंच म्हणून भागत नाही, नेमकं काय करायचं ते सांगा: माझ्यापुढं पाकीट धरू नको, एकच ओढ म्हणू नको, महिनाभर चहा दुसऱ्या गेटला घेऊ.

घरच्यांनाही नेमकं सांगावं लागतं. माझी बायको रोज संध्याकाळी शर्टाचा वास घ्यायची. तिची काळजी खरी होती, पण मला वाटायचं, हिलाच भरवसा नाही तर मला कुठून येणार? मी तिला म्हटलं, वास घेऊ नको, आज कोणती वेळ जड गेली ते विचार. तेव्हापासून मी खरं सांगायला लागलो.

आपल्यासारख्याच कोणी सोडलेली असेल तर त्याला शोधा. आपल्यासारख्या माणसाला जमलेलं पाहिलं की आपल्यालाही जमेल असं वाटतं, हे अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्येच मांडलं होतं. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम या शहरातल्या १२,०६७ लोकांच्या नात्यागोत्यांचा ३२ वर्षांच्या नोंदींवरून अभ्यास झाला, तो २००८ साली छापून आला. नवरा-बायकोपैकी एकानं सोडली की दुसऱ्यानं ओढण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटली, मित्रानं सोडली की ३६ टक्क्यांनी, छोट्या कंपनीतल्या सहकाऱ्यानं सोडली की ३४ टक्क्यांनी. आमच्या शॉपमध्ये एका वेल्डरनं सोडली होती. मी रोज त्याच्यासोबत डबा खाल्ला.

शरीराचं थोडक्यात सांगतो. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जड जातात. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ जागा सोडा. निकोटिनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. १८००-११-२३५६ हा क्रमांक सिगरेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, फोन फुकट आहे. आणि सिगरेटच्या जागी खर्रा धरू नका. आपल्या नागपुरात हे फार होतं, आणि त्यातही तंबाखूच असते.

मित्रांना कायमचं तोडू नका. महिन्यानंतर मी वेल्डरला सोबत घेऊन ठेल्यावर पाच मिनिटं उभा राहिलो, पुढच्या आठवड्यात दहा, मग एकटा. प्रत्येक वेळी कागदावरचा आकडा वर चढला. दोनाचा सात व्हायला तीन महिने लागले.

उमरेडला एका लग्नात वरातीत मी एक ओढली. तेव्हा लपवू नका. मी रात्रीच वेल्डरला फोन केला. तो एवढंच म्हणाला, "उद्याचा डबा सोबतच." त्यानंतर आजपर्यंत नाही.

सध्या आमच्याकडचा एक पोरगा चारच्या चहाला माझ्यासोबत दुसऱ्या गेटला येतो. आज त्याचा नववा दिवस आहे. ठेलेवाल्याला मी सकाळीच सांगून आलो.