वाळवंटांवरचा संदर्भग्रंथ कसा पारखावा

पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाण्याआधी ड्यूई क्रमांक (पुस्तकं विषयवार लावायचे आकडे) टिपून घ्या: वाळवंटी परिसंस्था 577.54, भूरूपं 551.415.

पुस्तक हातात आलं की आधी मागची सूची उघडा. नावात ‘जगातील’ आहे, पण अंटार्क्टिका, म्हणजे बर्फाचं वाळवंट, नाही? मग लेखकाने वाळवंट म्हणजे वाळू एवढंच धरलंय. सरळ परत ठेवा.

पुढे व्याख्या बघा. ‘वर्षाला 250 मिमीहून कमी पाऊस’ एवढ्यावर भागत नाही. पावसाला संभाव्य बाष्पीभवन-बाष्पोत्सर्जनाने (पाणी भरपूर असतं तर जमीन आणि झाडांतून जेवढं उडून गेलं असतं त्याने) भागून येणारा शुष्कता निर्देशांक हवाच: 0.20 खाली शुष्क, 0.05 खाली अतिशुष्क.

थर वाळवंटाचा नकाशा कुठल्या सालचा, तेही तपासा. इंदिरा गांधी कालव्याआधीचा असेल तर आजची शेती त्यात दिसणार नाही.

आणि पावसाळ्यात पुस्तक ओल्या भिंतीला टेकवू नका. बुरशी आधी बांधणीत शिरते.