टर्मिनलच्या विंडोतून अक्षर आणि त्याचा रंग परत कसा वाचायचा

आमच्या पतसंस्थेच्या काउंटरवरचा प्रोग्रॅम अजून टर्मिनलमध्येच, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर चालतो आणि तो मी सांभाळते. थकीत खात्याची ओळ त्यात लाल आणि ठळक दिसते. समोर रांग लागली की कॅशियर तारखा वाचत बसत नाही, तो लाल रंग बघतो. म्हणून तो रंग बरोबर लागला आहे ना, हे प्रत्येक बदलानंतर प्रोग्रॅमनेच तपासावं असा माझा आग्रह असतो. टर्मिनलच्या पडद्यावर मजकूर मांडणाऱ्या एनकर्सेस लायब्ररीत त्यासाठी ‘इंच’ नावाचं फंक्शन आहे.

नुसतं ‘इंच’ मुख्य विंडोत कर्सर असेल त्या घरातलं, म्हणजे पडद्यावरच्या त्या एका चौकोनातलं, अक्षर देतं. ठरावीक विंडो हवी असेल तर नावात ‘डब्ल्यू’ येतो, ठरावीक जागा हवी असेल तर पुढे ‘एमव्ही’ लागतं. मी बहुधा दोन्ही लावते:

घर = एमव्हीडब्ल्यूइंच(यादी, ४, ०);

आधी ओळ, मग स्तंभ, आणि दोन्ही शून्यापासून. ‘एमव्ही’ कर्सर खरोखर हलवतं, म्हणून आधी ‘गेटवायएक्स’ने जुनी जागा टिपून ठेवा आणि काम झालं की कर्सर तिथे परत न्या. नाहीतर तपासणीनंतरचा मजकूर भलतीकडे छापला जातो.

परत येतो तो एकच आकडा, आणि सगळं त्यातच भरलेलं असतं. समजा त्या घरात इंग्रजी कॅपिटल ‘ए’ आहे, ठळक, रंगजोडी (अक्षराचा आणि पार्श्वभूमीचा रंग) १ मध्ये. आजच्या एनकर्सेसमध्ये आकडा येतो २०९७४७३. खालच्या ८ बिटांत अक्षर: ६५. त्यावरच्या ८ बिटांत रंगजोडी: १ गुणिले २५६. ठळकपणाचा बिट २०९७१५२. बेरीज करून बघा, जुळते. कोडमध्ये मात्र हे आकडे कधीच लिहू नका. अक्षरासाठी ‘ए_कॅरटेक्स्ट’शी बिटांचं अँड करा, ठळक आहे का ते ‘ए_बोल्ड’शी, आणि रंगजोडी ‘पेअर_नंबर’ने काढा. हाती येतो तो जोडीचा क्रमांक. लाल म्हणजे कोणती जोडी, हे तुम्ही ‘इनिट_पेअर’मध्ये ठरवलेलं असतं.

आता सगळ्यात घातक जागा. ओळ किंवा स्तंभ विंडोबाहेरचा दिला तर ‘ईआरआर’ येतं, म्हणजे उणे १. या प्रकारात त्याचे सगळेच बिट १ असतात. ‘ए_बोल्ड’शी अँड केलं की उत्तर ‘हो, ठळक आहे’! तपासणी पास होते आणि तिने काहीच तपासलेलं नसतं. म्हणून पहिली तुलना ‘ईआरआर’शीच करा.

आणखी एक लक्षात ठेवा: वाचन होतं ते विंडोच्या मेमरीतून, काचेवरून नाही. ‘रिफ्रेश’ करण्याआधीच तुम्ही लिहिलेलं वाचता येतं, आणि दुसऱ्या प्रोग्रॅमने त्या टर्मिनलवर काही छापलं असेल तर ते दिसत नाही. यादीवर संदेशाची विंडो उघडली तरी यादीला विचाराल तर ती आपलंच सांगेल. वापरणाऱ्याला शेवटी काय दिसतं हे हवं असेल तर रिफ्रेशनंतर ‘करएससीआर’ला, म्हणजे पूर्ण पडद्याची लायब्ररीकडे असलेली नोंद ठेवणाऱ्या विंडोला विचारा.

पूर्ण ओळ हवी तर ‘इंचएनस्ट्र’ वापरा, ते अक्षरं आणि गुण (ठळकपणा, रंग वगैरे) दोन्ही देतं. अ‍ॅरेत शेवटच्या शून्यासाठी एक जागा जास्त ठेवा. फक्त मजकूर पुरत असेल तर ‘इनएनस्ट्र’.

खातेदारांची नावं मराठीत असली की मात्र ‘इंच’ पुरत नाही. ८ बिटांत २५५ पर्यंतच मावतं. एकट्या ‘प’चा युनिकोड क्रमांक २३४६ आहे. इथे लायब्ररीची रुंद अक्षरांची आवृत्ती, म्हणजे ‘एनकर्सेसडब्ल्यू’ जोडा, सुरुवातीला ‘सेटलोकेल’ बोलवा, आणि वाचायला ‘एमव्हीडब्ल्यूइन_डब्ल्यूसीएच’ घ्या. त्याने मिळालेलं घर ‘गेटसीकॅर’कडे दिलं की अक्षरं, गुण आणि रंगजोडी वेगवेगळी हातात येतात.

‘अक्षरं’ असं अनेकवचन मुद्दाम लिहिलं. माझ्या लिनक्सवर ‘पुणे’ या शब्दाला दोनच घरं लागतात: पहिल्यात ‘प’ आणि उकार, दुसऱ्यात ‘ण’ आणि मात्रा. युनिकोडच्या हिशेबात ते चार, यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट. ‘नाशिक’ला मात्र पाच घरं, कारण काना आणि वेलांटी स्वतःचं घर घेतात, उकार आणि मात्रा घेत नाहीत. तेव्हा नावानंतरचा रकमेचा स्तंभ तपासताना अक्षरं मोजून जागा काढू नका. ‘डब्ल्यूसीएसविड्थ’ला रुंदी विचारा आणि तो देईल त्या घरापासून वाचायला लागा.