परक्या गावची टीम आपल्या मैदानावर आली की काय काय करायचं, आणि भांडण लागलंच तर ते कसं मिटवायचं

दिवाळी झाली, सुगी आटपत आली की आमच्या बेळगाव तालुक्यात गावागावात टेनिस बॉल टुर्नामेंटचे बॅनर लागायला चालू होतात आणि त्याच्या मागोमाग भांडणं पण चालू होतात. मी बरीच वर्षं आमच्या गावच्या कमिटीत आहे, आधी खेळायला होतो, मग स्कोअरर, आता मैदान, पाणी, अंपायर सगळं बघतो. एवढ्या वर्षात एक गोष्ट पक्की कळली की मैदानातलं भांडण कधीच मोठं नसतं, एक नो बॉल असतो किंवा रन काढताना लागलेला खांदा असतो, पण आपण सीमेवर राहतो त्यामुळे दोन मिनिटांत तो नो बॉल राहत नाही, "ते कन्नडवाले" आणि "हे मराठीवाले" असं होतं, नाहीतर ह्या गावचे आणि त्या गावचे असं होतं, आणि ज्यांनी म्याच बघितलेली पण नाही ते गाड्या काढून येतात. म्हणून सगळी मेहनत एकाच गोष्टीसाठी करायची, नो बॉलचं भांडण नो बॉलएवढंच ठेवायचं.

ह्यातलं निम्म्याहून जास्त काम म्याचच्या आधीचं असतं. आमच्याकडे लोक भांडण लागल्यावर धावतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

पहिलं अंपायरचं बघा. अंपायर दोन्ही टीमच्या गावचा नको, तिसऱ्या गावचा पाहिजे. कडोलीची आणि खानापूरकडची टीम असेल तर हिंडलग्याचा किंवा शहरातला माणूस आणा. त्याचे पैसे सकाळीच द्या, म्याच झाल्यावर नाही, म्हणजे कुणी म्हणणार नाही की पैशासाठी यजमानांच्या बाजूने दिलं. त्याला चहा, टोपी आणि सावलीत एक खुर्ची द्या, आणि संध्याकाळी त्याला घरी सोडायला कोण जाणार ते सकाळीच ठरवा. बिचारा एकटा आलेला असतो, दोनशे माणसात त्याचं कोणी नसतं, आणि सगळ्यात जास्त शिव्या त्यालाच पडतात. त्याच्या मागे कमिटी उभी आहे हे त्याला आणि बाकीच्यांना दोघांना दिसलं पाहिजे.

दुसरं, येणाऱ्या प्रत्येक टीमला आपला एक पोरगा जोडून द्या. आम्ही त्याला नुसतं "पाहुण्यांचा माणूस" म्हणतो. त्यांची गाडी आली की त्यानं जायचं, पाणी कुठं, कपडे कुठं बदलायचे, बाथरूम कुठं, जेवायला कुठं चांगलं मिळतंय, सगळं त्यानं सांगायचं. गोकाक, बैलहोंगलकडची टीम असेल तर कन्नड येणारा पोरगा द्या, बेळगावात असा पोरगा शोधायला लागत नाही. नसेलच तर चार शब्द तरी पाठ करा, "बर्री, कुंदर्री" म्हणजे या, बसा, "नीर कुडीरी" म्हणजे पाणी प्या, आणि सगळ्यात उपयोगाचं "नम्दू तप्पायतु", आमचं चुकलं. उच्चार चुकला तरी चालतोय. समोरचा हसतो आणि हसलेला माणूस लगेच कॉलर धरत नाही. त्यांच्यातले पण कितीतरी जण मराठी बोलतात, चंदगडवरून किंवा निपाणीकडनं आलेली पोरं तर आपलीच भाषा बोलणार, पण त्यांना पण हा माणूस द्याच कारण परक्या मैदानावर सगळे परकेच असतात. मुलींची कबड्डी किंवा खो-खो असेल तर कपडे बदलायची खोली आणि बाथरूम आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा, किल्ली कुणाकडं आहे ते विचारा. हे आमच्याकडून एकदा राहिलं होतं, लांबनं आलेल्या मुली दीड तास तशाच बसून होत्या आणि त्यांच्या सरांनी एक शब्द बोलून दाखवला नाही, ते मला अजून टोचतंय.

तिसरं, नियम माईकवर वाचा, मराठीत पण आणि कन्नडमध्ये पण, टॉसच्या आधी, दोन्ही कॅप्टन शेजारी उभे करून. फेकी बॉलिंगचं काय, बॉल झाडात अडकला तर किती रन, लाईट गेली तर काय, आणि शिवीगाळ झाली तर काय. हे शेवटचं बहुतेक कमिट्या सांगतच नाहीत. क्रिकेटच्या नियमात २०१७ पासून खेळाडूच्या वागणुकीचा वेगळा नियम आहे, ४२ नंबरचा, त्यात चार पायऱ्या आहेत. सगळ्यात खालच्या पायरीला आधी ताकीद आणि परत केलं की समोरच्या टीमला ५ रन, दुसऱ्या पायरीला थेट ५ रन, तिसऱ्याला ५ रन आणि काही ओव्हरसाठी बाहेर, आणि हाणामारी केली किंवा अंपायरला मारायची धमकी दिली तर ५ रन आणि उरलेल्या म्याचमधनं बाहेर. ह्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे अंपायर त्या खेळाडूला हाताला धरून काढत नाही, तो कॅप्टनला सांगतो की तुझ्या माणसाला बाहेर ने. आमच्या टुर्नामेंटमध्ये आम्ही एवढंच घेतलंय, शिवी दिली की ताकीद आणि परत दिली की ५ रन, आणि खरं सांगतो, पोरं पोलिसाला जेवढी भीत नाहीत तेवढी ५ रनला भितात. कबड्डीत तर हे कार्डावरच आहे, हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे २ मिनिटं बाहेर, लाल म्हणजे गेला. नियम आहेत, वापरायचं धाडस पाहिजे, आणि ते पहिल्यांदा आपल्या गावच्या पोरावर वापरा. एकदा यजमानांच्या पोराला ५ रनचा दंड बसलेला बाहेरच्या टीमनं बघितला की पुढचा दिवसभर कोण काय बोलत नाही.

आता एवढं करून पण पेटलंच तर.

पहिली दोन मिनिटं महत्त्वाची. आमचा नियम एकच, आपला माणूस आपण धरायचा. समोरच्या टीमच्या पोराला हात लावायचाच नाही, मिटवायला म्हणून पण नाही, कारण लांबनं बघणाऱ्याला तुम्ही त्याला धरताय की मारताय ते कळत नाही, आणि दुसरा मागनं येऊन तुमच्यावर हात टाकतो. आपल्या पोराच्या पाठीवर हात ठेवायचा, कॉलर किंवा मनगट धरायचं नाही, त्याचं तोंड दुसरीकडं फिरवायचं म्हणजे समोरचा त्याला दिसत नाही, आणि चालवत चालवत पाण्याच्या टाकीकडं न्यायचं. "गप बस" म्हणायचं नाही, शांत हो पण म्हणायचं नाही, त्यानं अजून भडकतंय. "काय झालं गा, मला सांग की" असं विचारायचं आणि त्याला बोलू द्यायचं. बोलताना माणसाला श्वास सोडायला लागतोय, आणि श्वास लांब सोडला की छातीची धडधड कमी होते, ते अंगात उसळलेलं असतं ते उतरायला थोडा वेळ द्यायला लागतोय. त्याची बाजू खरी असली तरी त्या वेळेला निर्णय सांगायचा नाही, नुसतं ऐकायचं.

त्याच वेळेला बाकीच्यांची कामं वाटलेली पाहिजेत. एकानं स्टंप आणि बॅटी गोळा करायच्या, हे सगळ्यात आधी, कारण हातानं मारलेलं मिटतंय पण स्टंपनं मारलेलं मिटत नाही. स्कोअररनं वही घेऊन तिथनं बाजूला व्हायचं, वही फाटली की भांडणाला नवीन कारण मिळतंय. माईकवाल्यानं माईक बंद करायचा, एकदम बंद, "शांतता राखा" पण म्हणायचं नाही, गावाची नावं तर अजिबात घ्यायची नाहीत. आणि व्हिडीओ काढणाऱ्या पोरांना गोडीत सांगायचं की बाबा आता ठेव तो मोबाईल. आजकाल निम्मी भांडणं मैदानावर मिटतात आणि रात्री स्टेटसवर परत चालू होतात, दहा सेकंदाच्या व्हिडीओत आधी काय झालं ते दिसत नाही, नुसता एकजण एकाला ढकलतोय एवढंच दिसतंय.

मग दोन्ही कॅप्टन आणि दोन्हीकडचा एकेक वयस्कर माणूस, एवढेच चौघं सावलीत बसायचं. आमच्याकडं हे वयस्कर मामा-काका लोकांचं वजन अजून आहे, त्याचा उपयोग करून घ्या. जो यजमान आहे त्यानं आधी माफी मागायची, चूक कुणाची का असेना, घरी आलेल्या माणसाला त्रास झाला एवढं तर आपलं आहेच. ह्यात गावाची मान खाली जाते असं पोरांना वाटतंय, मला पण एकेकाळी वाटायचं.

पोरांना मी विश्वनाथची गोष्ट सांगतो. गुंडाप्पा विश्वनाथ, आपल्या कर्नाटकचाच, भद्रावतीचा. १९८० मध्ये मुंबईत वानखेडेवर इंग्लंडबरोबर टेस्ट होती आणि तो भारताचा कॅप्टन होता. इंग्लंडच्या ५८ रनला ५ विकेट गेलेल्या, मग बॉब टेलरला अंपायरनं कीपरच्या हातात कॅच म्हणून आउट दिलं, टेलर म्हणत होता की लागलाच नाही. विश्वनाथ स्लिपमध्ये होता, त्याला पण वाटलं की लागला नाही, त्यानं अपील मागं घेतलं आणि टेलरला परत बोलवलं. त्या टेलरनं बोथमबरोबर १७१ रनची पार्टनरशिप केली आणि भारत ती म्याच १० विकेटनं हरला. पोरं लगेच विचारतात, मग काय उपयोग झाला? मी म्हणतो, ती म्याच कोण जिंकलं ते तुमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं, विश्वनाथनं काय केलं ते मी तुम्हाला इतक्या वर्षांनी सांगतोय.

कुस्तीच्या मैदानात बघा, तिथं हे सगळं आधीपासनं आहे. आनंदवाडीच्या आखाड्यात किंवा येळ्ळूरच्या मैदानात कोल्हापूर, दावणगेरे, पार पंजाब-हरियाणाचे पैलवान येतात. माती हातात घेऊन सलामी देतात, मग एकमेकाला दिसेल तसं आपटतात, आणि कुस्ती सुटली की गळ्यात गळा. पडलेला परका पैलवान चांगला लढला तर लोक त्याच्या हातात पण नोटा देतात. हलगीच्या तालावर एवढी गर्दी तापलेली असते तरी ही रीत मोडत नाही. टेनिस बॉलवाल्यांनी तेवढं तरी उचलायला पाहिजे.

लागलं असेल तर भांडण कुणाचं, चूक कुणाची हे सगळं नंतर. डोक्याला मार बसला असेल तर त्या पोराला त्या दिवशी परत खेळवायचं नाही, तो कितीही म्हणू दे मी बरा आहे. उलटी झाली, बरळायला लागला, झोप यायला लागली, डोकं वाढत दुखायला लागलं तर लगेच १०८ ला फोन किंवा आपली गाडी काढून सिव्हिल नाहीतर केएलई हॉस्पिटल. पोलिसाची गरज वाटली तर ११२. दात पडला तर मुळाला हात न लावता दुधात ठेवा आणि लवकर डेंटिस्टकडं न्या. समोरच्या टीमचं पोरगं असेल तर आपल्या गाडीतनं न्या आणि आपला एक माणूस तिथं त्याच्या घरचे येईपर्यंत बसू दे. रस्त्यावर कोण पडलेलं दिसलं तरी हेच, पोलिसाच्या लफड्यात अडकेन म्हणून लोक अजून थांबत नाहीत, पण २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४अ कलम आलं, चांगल्या मनानं जखमीला मदत करणाऱ्यावर त्यासाठी केस होत नाही आणि त्याला नाव सांगायची पण सक्ती नाही.

मी स्वतः एकदा हुक्केरीकडनं म्याच खेळून येताना पावसात गाडीवरनं पडलो होतो. एका म्हाताऱ्या अण्णांनी मला उचलून त्यांच्या कट्ट्यावर बसवलं, गुडघा धुतला, गरम चहा दिला, त्यांना मराठी येत नव्हती आणि मला तेव्हा कन्नड येत नव्हतं, ते सारखं "एनायतु, एनायतु", म्हणजे काय झालं, असं विचारत होते आणि मी नुसता मान हलवत होतो. त्यांचं नाव पण विचारलं नाही मी. कन्नड शिकायला मी त्यानंतर सुरुवात केली.

रोजच्या खेळातलं पण थोडं सांगतो. बॉल कुणाच्या अंगणात गेला तर भिंत चढायची नाही, एकानं चप्पल बाहेर काढून गेट वाजवायचं आणि "मावशी, बॉल आलाय, घेऊ काय?" म्हणायचं, कन्नड घर असेल तर "अक्का" म्हणा. रागावल्या तर ऐकून घ्या, दुपारची झोप मोडलेली असते. कुणाच्या गाडीची काच फुटली तर पळायचं नाही, मालकाला शोधून सांगायचं, सगळ्यांनी मिळून पैसे काढायचे. आम्ही एकदा असं गेलो तर त्या माणसानं निम्मेच पैसे घेतले. व्हॅक्सिन डेपोसारख्या मैदानात सकाळी फिरायला येणारे असतात, ते आले की बॉलिंग थांबवा, अर्ध्या मिनिटाचा प्रश्न आहे. आणि १ नोव्हेंबरच्या आसपास आंतरगाव म्याची ठेवूच नका. एकीकडं कर्नाटकचा राज्योत्सव, एकीकडं मराठी लोकांचा काळा दिन, गाव आधीच तापलेलं असतंय, आठ दिवस पुढं ढकलल्यानं कुणाचं काय जात नाही.

म्याच संपल्यावरचं काम लोक विसरतात. हरलेली टीम रागात असते, जिंकलेली नाचत असते आणि दोघांच्या गाड्या एकाच रस्त्यानं निघतात. बाहेरच्या टीमला आधी काढा, त्यांच्याबरोबर फाट्यापर्यंत आपले दोघं मोटारसायकलवर जाऊ द्या, मग आपला बँड आणि गुलाल. जाताना पाण्याच्या बाटल्या आणि भडंगाचं पाकीट द्या, लांबनं आलेल्या पोरांना भूक लागलेली असते. आणि तासाभरानं त्यांच्या कॅप्टनला फोन लावून विचारा, पोचलात काय सगळे. कन्नडवाला असेल तर तो "हां री, बंद्वी" म्हणेल, म्हणजे आलो. मग मैदानावरचे स्टंप उपटून घरी जा.