काकडीच्या वेलाला फुलं येतात, फळ धरत नाही? या चुका टाळा

उन्हाळा सुरू झाला की आमच्या सांगलीत परसबागवाल्यांची एक तक्रार हमखास कानावर येते. वेल मांडवावर चढलाय, पिवळ्या फुलांनी भरलाय, पण काकडी एकही नाही. मग बी खराब निघालं असं ठरतं आणि वेल उपटला जातो. कृपा करून तसं करू नका. बी क्वचितच दोषी असतं. खोट असते ती पाण्यात, मातीत नाहीतर आपल्या घाईत.

पहिली फुलं गळली म्हणून घाबरणे

काकडीला नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात, आणि आधी येतात ती बहुधा नर फुलं. ती एका दिवसात मावळतात, गळतात. तो रोग नव्हे. आठ-दहा दिवस थांबा. मादी फूल ओळखायला सोपं आहे: पाकळ्यांच्या मागे बोटाच्या पेराएवढी लवदार काकडी असते. नर फुलाला नुसता बारीक देठ.

मादी फुलं येऊनही ती चिमुकली काकडी पिवळी पडून गळत असेल, तर परागीभवन होत नाहीये. इथे माझी स्वतःची चूक सांगते. एका वर्षी वेलावर मावा दिसला आणि मी सकाळी आठ वाजता, फुलं उमललेली असताना, कीटकनाशक फवारलं. मावा गेला, पण मधमाश्याही फिरकेनाशा झाल्या. त्या पंधरवड्यात जी काही फळं धरली ती एका टोकाला फुगलेली, दुसऱ्या टोकाला सुतळीसारखी. अर्धवट परागीभवनाची हीच खूण. तेव्हापासून साधा निंबोळी अर्क असला तरी मी दिवेलागणीलाच फवारते. काकडीचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं, त्यामुळे मधमाशीच्या हाती तेवढेच काही तास असतात.

दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत मधमाश्या कमी येतात. तिथे सकाळी नऊच्या आत ताजं नर फूल खुडा, पाकळ्या काढा आणि आतला पिवळा पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवा. एका नर फुलावर दोन-तीन मादी फुलं होतात.

आणखी एक गोष्ट. पानं हिरवीगार, तळहाताहून मोठी आणि मादी फुलं मात्र नाहीत, असं असेल तर युरिया थांबवा. नत्र जास्त झालं की वेल नुसता पानांवर माजतो. मे महिन्यातल्या कडक उन्हातही नर फुलांचं प्रमाण वाढतं.

पाणी: सगळ्यात मोठी चूक इथेच

काकडीची मुळं उथळ असतात. आज कोरडं, उद्या चिखल, असं तिला चालत नाही. पाण्याचा ताण आणि कडक ऊन एकत्र आलं की वेलात कडूपणा तयार होतो, आणि तो देठाकडच्या टोकात आणि सालीखाली जास्त साठतो. आपल्याकडे टोक कापून घासतात, फेस काढतात. फेस काढण्यापेक्षा देठाकडचा इंचभर भाग टाकून साल जाड काढणं जास्त उपयोगाचं. काकडी खूपच कडू लागली तर मात्र कडू दुधीसारखीच ती टाकून द्या. मुलांना तर मुळीच देऊ नका, उलट्या होऊ शकतात.

शेजारी कारलं किंवा दोडका लावल्यामुळे काकडी कडू होते, हे मी लहानपणापासून ऐकत आले. ते खरं नाही. या वेलांचा काकडीशी संकर होत नाही.

रोज किती पाणी द्यायचं, असं विचारलं की मी आधी माती विचारते. सांगलीकडची काळी माती पाणी धरून ठेवते. वरून तडकलेली दिसली तरी खाली ओल असते, आणि रोज पाणी ओतलं तर मुळं कुजतात. साताऱ्याकडच्या डोंगरउताराच्या मुरमाड मातीत तेच पाणी काही तासांत निघून जातं. म्हणून बोटाची दोन पेरं मातीत घालून बघा. कोरडं लागलं तरच पाणी द्या. दुपारी बाराला मोठी पानं मलूल होणं साहजिक आहे. संध्याकाळीही ती सावरली नाहीत तर काळजी करा.

काळ्या मातीत थेट बी टोकू नका. वीतभर उंच गादीवाफा करा, त्यात शेणखत भरपूर मिसळा आणि वर उसाचं पाचट पसरा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पाचटाला तोटा नाही. ओल टिकते आणि जमीन तडकून मुळं तुटत नाहीत. पाचट खोडाला मात्र चिकटवू नका. पाण्याचीही एक खबरदारी: बोअरचं पाणी खारट असेल तर पानांच्या कडा करपतात, काकडीला क्षार सोसत नाहीत.

कुंडी असेल तर किमान पंधरा-वीस लिटरची, आणि तिच्यात एकच वेल. चार बिया उगवल्या की चारही ठेवायचा मोह होतो, मलाही झाला होता. एकीचंही धड झालं नाही.

बी उगवत नसेल तर

डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात पेरलं असेल. काकडीच्या बीला 25 ते 30 अंशांची ऊब लागते. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, किंवा पावसाच्या सुरुवातीला जून-जुलै, हे आपले हंगाम. बी एक-दोन सेंटिमीटरच खोल. रोप उपटून लावलेलं तिला मानवत नाही, म्हणून कागदी कपात रोप करा आणि मुळं न हलवता लावा. जात निवडताना राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या हिमांगी आणि फुले शुभांगी आपल्या भागाला चांगल्या.

पानांवरचे डाग आणि सडकी फळं

पानावर वरून पिठासारखी पांढरी पूड दिसते ती भुरी. शिरांच्या मध्ये कोनाकोनाचे पिवळे डाग आणि पानामागे करडी बुरशी असते तो केवडा, पावसाळ्यातला. दोन्हींत खालची पानं काढा, वेल जाळीवर उंच चढवून हवा खेळती ठेवा आणि पाणी बुडाशी द्या, पानांवर नको. भुरीवर एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी फवारून बघा, सुरुवातीला पकडली तर आटोक्यात राहते. गंधक मात्र भर उन्हाळ्यात फवारू नका, काकडीची पानं भाजतात.

फळ वाकडं होऊन त्यावर डिंकाचा थेंब दिसला तर फळमाशीने अंडी घातली आहेत. अशी फळं खताच्या खड्ड्यात टाकणं ही फार महागात पडणारी चूक, कारण अळ्या तिथेच मातीत कोष करतात आणि नवी माशी पुन्हा तुमच्याच वेलावर येते. ती फळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार-आठ दिवस कडक उन्हात ठेवा. फळ धरलं की त्यावर कागदी पिशवी चढवा, घरच्या दोन-चार वेलांना एवढं पुरतं. क्यू-ल्यूरचा, म्हणजे फळमाशीला ओढून घेणाऱ्या गंधाचा, सापळा फक्त नर माश्या पकडतो, त्यामुळे एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

पेरल्यापासून साधारण 40 ते 50 दिवसांत तोडणी सुरू होते. मग दर दुसऱ्या दिवशी मांडवाखाली वाकून पानांआड बघा. एक जरी काकडी पिवळी होईपर्यंत राहिली, तरी वेल सगळा जोर तिच्या बियांत घालतो आणि नवी फळं धरणं मंदावतं. देठ हाताने ओढू नका, कात्रीने कापा.